सेकंड व्हायोलिनचा रविवार

आमच्या घरी त्याला 'क्लास' म्हणत. शेजारचं कुणी रविवारी दुपारी दारात आलं की आई म्हणायची, "ती नाहीये, ठाण्याला क्लासला गेलीये." ऑर्केस्ट्रा हा शब्द तिने बाहेर कधी उच्चारला नाही. लग्नाच्या वयाच्या मुलीला क्लास शोभतो, ऑर्केस्ट्रा शोभत नाही, असा तिचा साधा हिशेब होता. मीही कॉलेजात कुणाला सांगितलं नव्हतं, पण माझं कारण वेगळं होतं. जे आपल्याला फार हवं असतं ते चारचौघांत काढून दाखवू नये, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

व्हायोलिन माझ्याकडे शाळेमुळे आलं. डोंबिवलीतल्या आमच्या इंग्रजी शाळेत एक वयस्कर सिस्टर होत्या. शाळा सुटल्यावर त्या चार-पाच मुलींना शिकवायच्या. बाकीच्या मुली एकेक करून गळाल्या. मी टिकले, कारण वाजवत असताना कुणी आपल्याशी बोलत नाही. वर्गात मला प्रश्न विचारला की माझे कान तापायचे आणि उत्तर येत असूनही मी गप्प उभी राहायचे. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि मनातलं सांगायला दोन्हीकडे शब्द अपुरे. व्हायोलिन हनुवटीखाली धरलं की तोंड बंद ठेवण्याबद्दल कुणी बोल लावत नसे. बारावी झाल्यावर सिस्टरांनी ठाण्याच्या सरांना फोन केला आणि माझ्यासमोरच सांगितलं, "मुलगी फार शांत आहे. तिला सेकंड व्हायोलिनमध्ये बसवा."

सर मूळचे गोव्याचे. उभी हयात मुंबईच्या स्टुडिओंत सिनेमाच्या गाण्यांमागे व्हायोलिन वाजवून ते ठाण्यात राहायला आलेले. तिथल्या एका चर्चच्या शाळेचा हॉल त्यांना रविवारी दुपारी मिळायचा आणि त्यात त्यांनी आपला ऑर्केस्ट्रा जमवला होता. कुणी बँकेत, कुणी रेल्वेच्या ऑफिसात, कुणी कारखान्याच्या प्रयोगशाळेत. एक दातांचे डॉक्टर चेलो वाजवायचे. ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटवाले लग्नाच्या बँडमधले होते, त्यामुळे लग्नसराईत ते येतील की नाही याचा भरवसा नसायचा. ते नसले की त्यांचा भाग सर तोंडाने म्हणायचे, "तारा-रा, तारा-रा," आणि तेवढ्यात हातही चालू. हॉलमध्ये पंखे लावले की स्वरलिपीचे कागद उडायचे. म्हणून सगळ्यांच्या स्टँडवर कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले असत, निळे, पिवळे, लाल. कॉन्सर्टलाही तेच चिमटे. सरांना ते आवडत नसत, पण पंखे बंद केले असते तर माणसं उडाली असती.

आमचा सीझन गणपती गेले की सुरू व्हायचा आणि ईस्टरच्या आधी संपायचा. एक कॉन्सर्ट दिवाळीच्या सुमाराला, एक नाताळात, एक जानेवारीत आणि एक शेवटचा. ठाण्यातले कॉन्सर्ट हॉलमध्ये, तिकीट लावून. जानेवारीतला मात्र फुकट असायचा आणि तो आम्ही बाहेर जाऊन करायचो, जिथे कुणी हे वाद्यवृंद प्रकरण पाहिलेलं नसेल तिथे. सर म्हणायचे, हॉलमध्ये येणाऱ्यांना आपली गरज नाही, त्यांच्याकडे कॅसेट आहेत. एका वर्षी आम्ही शहाडला कामगारांच्या वसाहतीत गेलेलो. लोक सतरंज्यांवर बसलेले, पोरं पार आमच्या पायाशी. पहिला तुकडा संपला आणि मागून एक बाई उभी राहून ओरडली, "अगं बाई, हा तर आपल्या वहिनीच्या वरातीत होता!" ट्रम्पेटवाल्याने उठून तिला मुजरा केला. त्यानंतर सगळी वसाहत आमचीच. शेवटी बायका व्हायोलिनला हात लावून बघत होत्या. मी माझं पुढे केलं, कुणाशी काही न बोलता.

सेकंड व्हायोलिन म्हणजे काय, हे मला सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच अडलं. ऑर्केस्ट्रात व्हायोलिनचे दोन गट असतात. जी सुरावट ऐकणारा घरी जाताना गुणगुणतो ती बहुतेक पहिल्या गटाकडे. दुसरा गट खाली, आतल्या बाजूला काहीतरी भरत असतो. आमच्याकडे एक वॉल्ट्झ, म्हणजे जोडीच्या नाचाचा तुकडा, होता. त्यात तीन मात्रा. पहिली चेलो आणि मोठा बास घेतात, दुसरी आणि तिसरी आम्ही. हुं-पा-पा, हुं-पा-पा. यातलं 'पा-पा' म्हणजे मी. सर म्हणायचे, "फर्स्ट म्हणजे नवरदेव. तुम्ही मांडव. मांडवाचा फोटो कोणी काढत नाही. पण पडला तर?" आणि आमचा आवाज जरा वर आला की डाव्या हाताचा तळवा आमच्याकडे करून खाली दाबायचे.

माझ्या शेजारी एक आंटी बसायच्या. खाडीकडच्या जुन्या ख्रिस्ती गावातल्या. एका स्टँडवर दोघी, एकच कागद. आत बसणारीने पान उलटायचं असा नियम, म्हणून पान उलटणं माझ्याकडे. त्या क्षणी मी थांबायचे आणि आंटी दोघींचं वाजवायच्या. त्यांच्या बोलीत 'गं'चा 'गो' व्हायचा. "काय गो, आज हात गार?" असं विचारून त्या पर्समधून आल्याची वडी काढायच्या. पाच वर्षांत आम्ही याहून फार काही बोललो नाही. पण त्यांचा श्वास मला पाठ होता. त्यांनी श्वास घेतला की आपला बो, म्हणजे गज, उचलायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या हॉलमध्ये मला काय मिळायचं, ते मी आईला कधी समजावू शकले नाही. चाळीस माणसांच्या आवाजाच्या आत मी बसलेली असायचे. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं आणि तरी मी नसते तर ते कळलं असतं. शाळेत, कॉलेजात, नातेवाइकांत मला दोनच गोष्टी माहीत होत्या, सगळ्यांनी बघणं किंवा कुणालाच न दिसणं. ही तिसरी गोष्ट मला फक्त रविवारी दुपारी भेटायची.

बी.एस्सी. होऊन मी कल्याणला एका प्रयोगशाळेत लागले आणि स्थळं यायला सुरुवात झाली.

आई एकदा भाजी निवडताना म्हणाली, "लग्न झाल्यावर कोण सोडणार आहे गं तुला रविवारी दुपारी? सासरची माणसं जेवून पान-सुपारी करणार, आणि तू पेटी उचलून ठाण्याला?"

"विचारू ना त्यांना."

"कोण विचारणार?"

"मी."

आई हसली. तिचा दोष नव्हता. दुकानात सुटे पैसे परत मागायलाही मी धाकट्या भावाला पाठवत असे. पण माझं ठरलं होतं. बघायला येणाऱ्या मुलाला मी एकच प्रश्न विचारणार होते, मला दर रविवारी ठाण्याला जाता येईल का. बाकी पगार, घर, माणसं, ते सगळं आई-बाबांनी बघावं.

त्या सीझनचा शेवटचा कॉन्सर्ट पहिल्यांदाच डोंबिवलीत ठरला होता, एका शाळेच्या सभागृहात. त्याच्या आदल्या रविवारी मोठी तालीम, आणि नेमकं त्याच रविवारी चार वाजता खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एक स्थळ आणायचं ठरवलं. मी म्हटलं, जमणार नाही. आई बघतच राहिली. बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "शनिवारी बोलवा." तेवढ्यावर ते निभावलं.

माणसं कल्याणची. मुलगा, त्याचे आई-वडील आणि एक आत्या. मुलगा इंजिनियर, चष्मा लावणारा, बसल्या बसल्या आमच्या शोकेसमधली पुस्तकं वाकून वाचणारा. वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे. काकूंनी त्यांना आधीच सांगून ठेवलेलं होतं, मुलगी व्हायोलिन वाजवते.

"मग होऊन जाऊ दे काहीतरी," वडील खूश होऊन म्हणाले. "कुठला राग आवडतो?"

मी आईकडे बघितलं. आईने डोळ्यांनीच 'वाजव' म्हटलं. पाच वर्षं ती मला आतल्या खोलीत सराव करताना ऐकत होती, पण ते अपुरं आहे हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. तिला वाटायचं, इंग्रजी संगीत असंच असतं.

मी व्हायोलिनची पेटी उघडली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला एकही सबंध गोष्ट वाजवता येत नाही. माझ्या बोटांत फक्त मांडव होता. सिस्टरांनी शिकवलेली प्रार्थनागीतं येत होती, पण समोर आमचं देवघर, त्यात समई लावलेली, ती वाजवायचा धीर झाला नाही. म्हणून जे हातात होतं ते सुरू केलं. वॉल्ट्झ.

पा-पा. पा-पा. पा-पा. पा-पा.

मुलाच्या आईने कपबशी हळूच खाली ठेवली. मग आत्या आईकडे झुकून हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सूर लावतेय का अजून?"

"नाही, सुरू झालंय ते," आई म्हणाली.

पा-पा. पा-पा. पुढे एका ठिकाणी सेकंड व्हायोलिनला मोठी विश्रांती आहे, तिथे क्लॅरिनेट एकटी गाते. मी थांबले. व्हायोलिन खांद्यावर, बो हवेत, आणि मी मनात मात्रा मोजतेय. वडिलांना वाटलं संपलं. "वा, वा," म्हणत त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मुलाच्या आईनेही वाजवल्या. टाळ्या संपत आल्या तशी माझी मोजणीही संपली आणि मी पुन्हा सुरू केलं. पा-पा. पा-पा.

थांबता येत नव्हतं असं नाही. पण मध्येच सोडलं तर ते चुकलं असं वाटेल, आणि मी चुकलेली नव्हते.

संपल्यावर बाबा घसा साफ करून म्हणाले, "त्याचं असं आहे, तिच्याबरोबर बाकीचे असतात."

"मग बाकीचे कुठेत?" आत्या म्हणाल्या.

भावाला हसू आवरेना, तो आत पळाला. मुलाचे वडील मात्र गंभीरपणे म्हणाले, "लयीला पक्की आहे हो पोर. कुठे हलली नाही." मी व्हायोलिन पेटीत ठेवत होते. तेव्हा मुलगा पहिल्यांदा बोलला.

"मध्ये तुम्ही थांबलात ना, तेव्हा कोण वाजवत होतं?"

मी वर बघितलं. पाच वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"क्लॅरिनेट," मी म्हटलं.

त्याने मान डोलावली, जणू त्याला तसंच वाटलं होतं.

मग रिवाजाप्रमाणे दोघांना जरा बोलू द्या म्हणून आम्हाला गॅलरीत पाठवलं. तिथे भावाचे क्रिकेटचे पांढरे कपडे वाळत होते. ते बाजूला करून आम्ही उभे राहिलो.

"तुम्ही विचारा आधी," तो म्हणाला. "मला घरून तंबी आहे, मुलीला बोलू द्यायचं."

"कोणाची तंबी?"

"आत्याची. तिचं म्हणणं, मी बोलायला लागलो की थांबत नाही."

मला हसू आलं आणि त्यामुळे असेल, प्रश्न सरळ बाहेर आला. "मला दर रविवारी दुपारी ठाण्याला जावं लागतं. रिहर्सलला. लग्नानंतरही जायचंय."

"जा की," तो म्हणाला. इतक्या चटकन म्हणाला की मला वाटलं त्याने नीट ऐकलंच नाही. "रविवारी दुपारी तसंही आमच्याकडे सगळे झोपतात. मीच येईन सोडायला."

मी कठडा धरला. इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. खाली काकूंच्या दारात दूधवाला उभा होता, त्याच्या किटलीवर ऊन पडलेलं, ते मला आठवतं.

मग त्याचा चेहरा बदलला. "पण थांबा. काकूंनी तुम्हाला सांगितलं नाही का? जूनपासून मी इथे नाहीये. मध्य प्रदेशात नवीन प्लांट आहे आमचा, तिथे जायचंय."

"किती दिवस?"

"चार-पाच वर्षं तरी. मग अजून कुठेतरी, तसंच काहीतरी. आमच्या लाइनीत असंच असतं."

"तिथे काय आहे?"

"कारखाना, कॉलनी. एक क्लब आहे, त्यात कॅरम आहे." तो जरा ओशाळला. "घर मोठं मिळतं. तुम्हाला वाजवायला वेगळी खोलीसुद्धा..."

"एकटीला नाही येत वाजवता," मी म्हटलं. "बघितलंत ना आत्ता."

तो हसला आणि मग थांबला. मला काय म्हणायचंय ते त्याला कळलेलं दिसत होतं. त्याने विचारलं, "बाकीच्यांबरोबर कधी वाजवणार आहात?"

"पुढच्या शनिवारी. इथेच, डोंबिवलीत."

"मी आलो तर चालेल?"

मी तोवर कुणालाच बोलावलं नव्हतं, आई-बाबांनाही नाही. "या," मी म्हटलं.

त्या आठवड्यात आईने दोनदा विचारलं, कसा वाटला. मी म्हटलं, शनिवारनंतर सांगते.

डोंबिवलीच्या कॉन्सर्टला सर घाबरलेले होते. "ठाण्यात लोक भारी कपडे घालून येतात," ते म्हणाले, "इथे कान घेऊन येतात." आणि खरंच, सभागृह भरलं ते गाण्याच्या मैफिलीला भरावं तसं. पुढच्या रांगेत पांढऱ्या सदऱ्यातले म्हातारे, मांडीवर ताल धरायच्या तयारीत. मी स्टँडच्या वरून बघत होते.

"कोनाला शोधते गो?" आंटींनी विचारलं.

"कुणाला नाही."

"मग मान खाली घाल, तुझा चिमटा निघालाय."

तो दिसला नाही. सर आले, हात वर केला, आंटींनी श्वास घेतला.

वॉल्ट्झ मध्यंतरानंतर होता. आम्ही नेहमीसारखाच वाजवला. मध्ये विश्रांती आली, क्लॅरिनेट गायला लागली. वरातीत 'मुबारक हो'सारखी गाणी वाजवून दमलेला तो क्लॅरिनेटवाला त्या दिवशी असा काही वाजवत होता की पुढच्या रांगेतून कुणीतरी "अहाहा" म्हटलं. संपलं आणि टाळ्यांतून मागून आवाज आला, "वन्स मोअर!" मग दुसरा, मग पाच-सहा. नाटकात पदाला देतात तसा.

सरांनी आयुष्यात वन्स मोअर दिला नव्हता. ठाण्यात कुणी एकदा मागितला तेव्हा ते म्हणाले होते, हे काय लग्न आहे का. आता ते वळून लोकांकडे बघत राहिले, मग आमच्याकडे. खांदे उडवले आणि हात वर केला.

दुसऱ्यांदा वाजवताना मी मान वर केली. तो डावीकडे, भिंतीशी, आत्या आणि वडिलांच्या मध्ये बसला होता. डोळे मिटलेले. माझ्याकडे बघत नव्हता. विश्रांती आली, मी थांबले, आणि बरोबर तेव्हा त्याने डोळे उघडले.

सभागृहात कितीतरी माणसं होती आणि त्यांतल्या एकाला माहीत होतं की आत्ता मी गप्प आहे. मी मोजायला विसरले. आंटींनी गुडघ्याने ढकललं म्हणून वेळेत सुरू झाले.

नंतर बाहेर, पाण्याच्या टाकीपाशी, आत्यांनी मला गाठलं. "भेटले गं बाई तुझे बाकीचे! केवढे आहेत!" मग माझी आईही आली असेल म्हणून तिला शोधत त्या गर्दीत गेल्या. तो मागे राहिला.

"पहिल्यांदा मला काही सापडलंच नाही," तो म्हणाला. "सगळं एकदम येत होतं. दुसऱ्यांदा मग डोळे मिटून फक्त तुमचं पा-पा शोधलं."

"ऐकू आलं?"

"एकदा सापडलं की मग जातच नाही. वरचं सगळं त्याच्यावर उभं आहे ना."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मला दोन्ही भाषांत काही सुचलं नाही. त्याने पेटी माझ्या हातातून घेतली, फाटकापर्यंत आणून दिली आणि म्हणाला, "बरं, येतो."

सकाळी काकू त्यांचा होकार घेऊन आल्या. त्या गेल्यावर आई वाटाणे सोलायला बसली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्यासमोर बसून सोलायला घेतले.

"नाही म्हणून कळव," मी म्हटलं.

"आवडला नाही?"

"आवडला."

"मग?"

"तिथे रविवार नाहीये."

"रविवार काय गं, सगळीकडे असतो!" आईचा आवाज चढला. "अहो, ऐकताय का? काय बोलतेय ही?"

बाबा म्हणाले, "राहू दे."

"काय राहू दे? काय सांगू मी त्या बाईला? क्लास बुडेल म्हणून पोरगी नको म्हणते?"

"हो, तेच सांग," मी म्हटलं. "खरं आहे ते."

"म्हणजे गावभर होईल. पुढचं स्थळ तरी येईल का दारात?" आईच्या डोळ्यांत पाणी होतं. वाटाण्याची टरफलं तिने मुठीत चुरगाळली. मग मूठ उघडून, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "पत्रिका जुळत नाही असं सांगते. त्यात कुणाचा अपमान नाही."

तसंच झालं. काकूंनी निरोप पोचवला, तिकडूनही कुणी काही विचारलं नाही. पत्रिका म्हटल्यावर विचारायचं काही उरत नाही, त्यासाठीच ती असते. त्या दुपारी मी ठाण्याला गेले. सीझन संपल्यावरची ती हिशेबाची, खुर्च्या आवरायची तालीम. रिकाम्या गाडीत, कळव्याच्या खाडीपाशी, मला एकाएकी वाटलं की उतरावं आणि त्याला जाऊन सांगावं, ग्रहांचं काही नव्हतं. पण कल्याण मागे राहिलं होतं आणि त्याचा पत्ता मला माहीत नव्हता. माहीत असता तरी मी गेले असते असं नाही.

त्याचं पुढच्या वर्षी लग्न झालं, काकूंकडूनच कळलं. मुलगी नागपूरची. काकू म्हणाल्या, दोघं मजेत आहेत, तिकडे बाग केलीये. मी म्हटलं, छान.

मला रविवार मिळाला. सगळे रविवार मिळाले. नंतरही स्थळं आली, त्यांतल्या कुणी मला मध्ये कोण वाजवत होतं ते विचारलं नाही. त्यांच्यासमोर मी वाजवलंही नाही. आता आई कुणाला क्लास म्हणत नाही, ऑर्केस्ट्राच म्हणते, जरा कंटाळलेल्या आवाजात. सर थकलेत. दातांचे डॉक्टर घोडबंदर रोडला नव्या टॉवरमध्ये राहायला गेले आणि तालमीला उशिरा यायला लागले. पहिल्या व्हायोलिनमधल्या दोघी कॅनडाला गेल्या. सरांनी मला एकदा विचारलं, पुढे येतेस का, जागा आहे, सुरावट वाजव. मी नको म्हटलं. मी लाजते म्हणून, असं ते समजले.

एखाद्या वेळी तालमीत सगळं नीट जमून येतं, आणि तेव्हाच मला सगळ्यात एकटं वाटतं. हे कुणाला सांगण्यासारखं नाही. ज्याला माझा आवाज सापडला होता तो मला अशा ठिकाणी नेणार होता जिथे त्याला ऐकायला काहीच नव्हतं. मी दुसरं काय करायला हवं होतं ते मला अजून कळलेलं नाही. फक्त एवढंच वाटतं, त्याला कारण माहीत असावं. तो नकार त्याने आकाशाच्या नावावर टाकला असेल आणि विसरलाही असेल.

या वर्षी दिवाळीचा कॉन्सर्ट कल्याणला झाला, पहिल्यांदाच. दिवाळीत माणसं घरी येतात, लांबून, मध्य प्रदेशातूनही, मुलाबाळांना घेऊन. मी स्टेजवरून कुणाला शोधलं नाही, आता मी ते करत नाही. पहिलाच तुकडा कवायतीच्या चालीचा एक मार्च होता, त्यात आमच्याकडे नेहमीसारखंच खालचं, आतलं काहीतरी. तालाची आठ-दहा आवर्तनं गेली आणि सरांचा डावा हात आमच्याकडे वळला, तळवा खाली. कमी. आंटींनी कमी केलं. मागच्या दोघींनी केलं. सरांचा तळवा अजून खाली दाबत होता, भुवया वर.

आंटी ओठ न हलवता म्हणाल्या, "तुला सांगतेत गो."

"माहीत आहे," मी म्हटलं, आणि पान उलटून बो पुन्हा तारेवर टेकवला, होता त्याहून जड, मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल असा.